गाडी लागते का?

प्रश्न विचारणे हा माझा धंदा आहे. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी गेली वीस वर्षे मराठी शिकवते. मुकुंदराजांच्या नि दासोपंतांच्या गावात मराठी शिकवायचे म्हणजे थोडी धास्तीच वाटते; पण प्रश्न काढायची मात्र आता सवय झाली आहे. 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' पासून 'थोडक्यात टिपा लिहा' पर्यंत प्रश्नांच्या साऱ्या जाती-पोटजाती मला तोंडपाठ आहेत. त्यामुळे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाने मी सहसा चकित होत नाही. गेल्या श्रावणात मात्र झाले. दुसऱ्या दिवशी माझी शस्त्रक्रिया होती. संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या खाटेपाशी आल्या, स्टूल ओढून बसल्या नि हातातल्या कागदावर नजर ठेवून त्यांनी विचारले,

"मॅडम, तुम्हाला गाडी लागते का?"

मी उत्तरे तयार ठेवली होती. साखर? नाही. रक्तदाब? बेताचा. कवळी? अजून नाही. कुठल्या औषधाची बाधा? आठवत नाही. पण हा प्रश्न माझ्या पाठांतरात नव्हता. मी हसून म्हटले, "का गं? उद्या मला कुठल्या गाडीत बसवून नेणार आहेस?"

"अगं" म्हणण्याचा मला अधिकार होता. ही मुलगी बारा-चौदा वर्षांपूर्वी अकरावीला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे नि कवितेच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर रसायनशास्त्राची समीकरणे सोडवीत असे. त्याबद्दल मी तिला दोनदा उभे केले होते. आता ती बसली होती नि मी आडवी होते. काळ असा सूड घेतो.

"हसू नका मॅडम," ती म्हणाली, "माझ्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे हा."

गाडी लागते का? अहो, या विषयावर मी प्रबंध लिहू शकेन! लहानपणी आम्ही बीडला राहत असू नि आजोळ अंबाजोगाईला. उन्हाळ्याच्या सुट्टीत एस.टी.ने निघायचे. पालीपर्यंत मी राणीसारखी खिडकीशी बसलेली असे. मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला की माझे राज्य जायचे. पहिल्या वळणाला तोंडाला पाणी सुटे, दुसऱ्या वळणाला कानामागे घाम येई, नि तिसऱ्या वळणाला पुढच्या बाकावरचे गृहस्थ पाय वर घेऊन बसत. आई एका हाताने माझे कपाळ धरी नि दुसऱ्या हाताने पिशवीत आलेपाकाची वडी शोधी. वडील या साऱ्या प्रकाराशी आपला संबंध नसल्यासारखे वर्तमानपत्र वाचीत. नेकनूर आले की मी शुद्धीवर यायची नि केजला मला भूक लागायची.

हे सारे मी तिला सांगितले. तिने कागदावर एक खूण केली. "दुसरे," ती म्हणाली, "याआधी कधी ऑपरेशन झालं होतं? नंतर उलट्या झाल्या होत्या?"

आता मला हसू आले नाही.

बाविसाव्या वर्षी माझे आंत्रपुच्छाचे ऑपरेशन झाले. कुठे, ते सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा बहुतेक ठिकाणी तसेच होत असावे. ऑपरेशनचे मला काहीच आठवत नाही. आठवते ते नंतरचे. दुखते म्हणून सुई टोचली की पाच-दहा मिनिटांत दुखणे लांब जाई नि त्याच्या जागी मांजरसुंब्याचा घाट येई. खाट हलत नसे, पण छत फिरे. पोटात तर पाण्याचा थेंब नाही. तरी आतून कुणी पिळा घालावा तशा कोरड्या ओकाऱ्या येत. प्रत्येक ओकारीला टाके उसवतील असे वाटे. आई दोन्ही हातांनी माझे पोट दाबून धरी. एनॅमलचे तसराळे खाटेखाली कायमचे मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सिस्टर सुई घेऊन आल्या तेव्हा मी हात मागे घेतला. म्हटले, दुखू दे. पण ते नको. आणि ते दोन दिवस मी तसेच काढले. खोकता येत नव्हते, कुशीवर वळता येत नव्हते, नीट श्वास घेता येत नव्हता. आई म्हणाली, "ऑपरेशन म्हटलं की ओकाऱ्या आल्याच, बाळ. सोसावं."

खरे सांगायचे तर परवाच्या पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन मी दोन वर्षे पुढे ढकलत होते ते या तसराळ्यापायी. लोकांना सांगत होते, परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, नॅकची समिती यायची आहे. सुरीची भीती वाटते म्हटले तर लोक सहानुभूती दाखवतात. ओकारीची भीती वाटते म्हटले तर हसतात.

हेही मी तिला सांगितले. आणि ती हसली नाही. तिने दुसरी खूण केली. मग म्हणाली, "तुम्ही बाई आहात, ही तिसरी खूण. सिगारेट ओढत नाही ना? मग ती चौथी."

"म्हणजे ओढत असते तर?"

"तर ही एक उलटी जरा कमी झाली असती. का, ते नक्की सांगता येत नाही. म्हणून काही आता सुरू करू नका!"

मग तिने मला या खुणांचा हिशेब समजावून सांगितला. अॅप्फेल नावाच्या एका जर्मन भूलतज्ज्ञाने नि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हा हिशेब मांडला. दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चाळून त्यांनी चार गोष्टी उरवल्या. रुग्ण स्त्री आहे का. धूम्रपान न करणारी आहे का. गाडी लागते किंवा मागे ऑपरेशननंतर उलट्या झाल्या आहेत का. आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामके द्यावी लागणार आहेत का. गाडी नि मागच्या उलट्या मिळून एकच गुण. म्हणजे चारांपैकी पहिले तीन गुण मी घरूनच घेऊन आले होते. चौथा डॉक्टर देणार होते. यांतले एकही नसेल तर शंभरात दहा जणांना ओकारी होते. एक असेल तर वीस, दोन असतील तर चाळीस, तीन असतील तर साठ आणि चारही असतील तर ऐंशी.

"म्हणजे मी ऐंशीवाली," मी म्हटले. जन्मात कुठल्याही विषयात ऐंशी मिळाले नव्हते.

"हो. म्हणूनच तुमची आधी व्यवस्था करायची. उलटी झाल्यावर धावण्यापेक्षा ती होऊच न देणं सोपं असतं."

ती गेल्यावर मी पुष्कळ वेळ आढ्याकडे पाहत पडून होते. चोवीस वर्षे जे मी माझ्या पत्रिकेतले समजत होते ते चार ओळींच्या कोष्टकात बसत होते! आईने ज्याला 'सोसावं' म्हटले त्याला या मुलीने 'व्यवस्था करायची' म्हटले. मराठीतली ही दोनच क्रियापदे. पण त्यांच्यामध्ये केवढे अंतर आहे!

*

मराठीचाच विषय निघाला म्हणून सांगते. डॉक्टर लोक या दुखण्याच्या तीन पायऱ्या मानतात, नि तिन्हींना आपल्याकडे घरचे शब्द आहेत. नुसते पोटात ढवळते, तोंडाला पाणी सुटते, ती मळमळ. पोट आवळून येते पण बाहेर काही पडत नाही, ते उमासे, कोरड्या ओकाऱ्या. आणि पडते ती उलटी किंवा वांती. इतके बारकावे असलेली भाषा बोलणारी आपण माणसे. पण दवाखान्यात गेलो की यांतला एकही शब्द तोंडातून काढत नाही. दुखते हे सांगायला लाज वाटत नाही. मळमळ मात्र कुणाला दिसत नाही, मोजता येत नाही नि सांगितली तर नाजूकपणा ठरतो.

वास्तविक माणसांना विचारले तर ती काय म्हणतात? १९९९ सालीच अमेरिकेत स्टॅनफर्डला रुग्णांना विचारण्यात आले की, भूल उतरल्यावर तुम्हाला सर्वांत नकोशी गोष्ट कोणती? पहिला क्रमांक वेदनेला मिळाला नाही, उलटीला मिळाला. ते वाचून मला बाविसाव्या वर्षीच्या त्या हात मागे घेणाऱ्या मुलीचा एकदम अभिमान वाटला. ती भित्री नव्हती. ती बहुमतात होती.

आता ज्या औषधाने दुखणे जाते त्यानेच ओकारी का यावी? मंदसौर-नीमचकडे अफूची शेते आहेत. त्या बोंडांच्या चिकातून मॉर्फिन निघते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्याने ते प्रथम वेगळे काढले. त्याने ते स्वतःवर नि तीन तरुणांवर करून पाहिले, नि मात्रा भारी झाली असे वाटताच घाबरून सर्वांना कडक सिरका पाजून ओकायला लावले. म्हणजे मॉर्फिन नि ओकारी यांची सोयरीक पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे त्याची पुष्कळ भावंडे निघाली. पेथिडीन, फेंटानिल, नि आपल्याकडच्या लहान दवाखान्यांत सर्रास चालणारे ट्रामाडॉल.

ही औषधे तीन दारांनी ओकारी आत आणतात. मेंदूच्या बुडाशी एक चौकी आहे. रक्तात काही विषारी आले का हे पाहणे हे तिचे काम. वेदनाशामक तिथून जाताना ती चौकी ओरडते, "विष आले, बाहेर काढा!" दुसरे दार आतल्या कानाचे. तोल सांभाळणारे यंत्र तिथे असते. ही औषधे त्याला हळवे करतात. म्हणून स्वस्थ पडलेल्या माणसाला बरे वाटते नि उशीवरून डोके उचलले की घाट सुरू होतो. ज्याला एरवीच गाडी लागते त्याचे हे दार मुळातच सैल. तो प्रश्न विचारण्याचे कारण हे. आणि तिसरे दार पोटाचे. जठर नि आतडी मंदावतात, आतले पुढे सरकत नाही.

दारे अनेक, म्हणून कुलपेही अनेक लागतात. माझ्या विद्यार्थिनीने माझ्यासाठी जे केले ते तिने मला नंतर सांगितले. पहिली युक्ती अशी की अफूच्या जातीचे औषध लागेल तेवढेच, पण कमीत कमी लागावे. त्यासाठी पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी साधी वेदनाशामके, नि टाक्यांच्या जागी बधिर करणारे इंजेक्शन. एकट्या बैलावर गाडा न टाकता चार बैल जुंपायचे. दुसरी युक्ती भुलेची. हुंगायच्या वायूंनी ओकारी वाढते, म्हणून शिरेतून देण्याच्या प्रोपोफॉल या औषधावर भूल ठेवायची. तिसरी युक्ती प्रतिबंधक औषधांची. सुरुवातीलाच डेक्सामेथासोनची एक मात्रा, नि ऑपरेशन संपता संपता ऑन्डान्सेट्रॉन. दोन्ही वेगवेगळ्या दारांची कुलपे. २००४ साली पाच हजारांहून अधिक रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की अशी एकेक उपाययोजना ओकारीचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी करते, नि दुसरी जोडली की उरलेल्याचा पुन्हा चतुर्थांश. एकच रामबाण असा कुठला नाही. पण दोन-तीन बाण मिळून काम होते. आणि इतके करूनही ओकारी आलीच तर तेच औषध लगेच पुन्हा न देता दुसऱ्या जातीचे द्यायचे. ज्या दाराला कुलूप आहे त्यालाच आणखी एक लावून काय उपयोग?

अर्थात कुलपांचेही दोष असतात. डेक्सामेथासोनने मधुमेह्याची साखर वाढते. ऑन्डान्सेट्रॉनने डोके दुखते, पोट साफ होत नाही. म्हणून ज्याला धोका कमी त्याला सगळी औषधे ठोकायची नाहीत. आधी विचारायचे, मग ठरवायचे. सारा महिमा त्या विचारण्याचा.

मला यात गंमत वाटते ती अशी की, भुलेच्या इतिहासात आपल्या मुलुखाचेही एक पान आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादेत १८८८ नि १८८९ साली क्लोरोफॉर्मचा तपास करण्यासाठी दोन आयोग बसले होते. खर्च निजामाचा नि पुढाकार सर्जन एडवर्ड लॉरी यांचा. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याच काळात तिथे रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी क्लोरोफॉर्म द्यायला शिकली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचे नाव घेतात. तेव्हा माणूस जागा होतो की नाही हीच काळजी असे; जागा झाल्यावर तो ओकतो हे कुणाच्या खिजगणतीत नसे. जगलेल्याने ओकावे, एवढे तर व्हायचेच! आता जीव बहुधा वाचतोच, तेव्हा पुढचा प्रश्न विचारायची उसंत मिळाली आहे. शिवाय तो विचारायला याच मातीतली मुलगी आली, हे मला बरे वाटले.

*

ऑपरेशन दुर्बिणीतून झाले. मी जागी झाले तेव्हा खिडकीत ऊन होते. मी डोळे मिटून घाटाची वाट पाहत राहिले. पहिले वळण येईना. दुसरे येईना. तासाभराने मी घाबरत घाबरत डोके एका बाजूला वळवले. छत जागच्या जागी होते. संध्याकाळी थोडे पाणी प्याले. रात्री आठ वाजता मला चक्क भूक लागली. केज आले होते, नि मधला सारा रस्ता मी झोपेत पार केला होता!

पण ही हकीगत इथे संपत नाही. संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

स्वतंत्र खोली मिळाली नव्हती, म्हणून मी सहा खाटांच्या वॉर्डात होते. शेजारच्या खाटेवर तिशीची एक बाई होती. धारूरच्या घाटाखालच्या एका वस्तीवरची, ऊसतोडीला जाणारी. तिचे गर्भाशय काढले होते. ऑपरेशन माझ्याच दिवशी सकाळी झाले होते. पण तिला भूल देणारे डॉक्टर निराळे, बाहेरून आलेले. ते केव्हाच परत गेले होते. रात्री नऊच्या सुमारास तिला दुखण्याची सुई दिली नि थोड्याच वेळात तो आवाज सुरू झाला. मला तो चोवीस वर्षांपूर्वीपासून ओळखीचा. तिची सासू खाली बसून तिचे पोट दाबून धरत होती. खाटेखाली प्लॅस्टिकची बादली होती. तसराळ्याचा जमाना गेला, एवढाच फरक.

मी काय केले? सांगायला संकोच वाटतो. मी कूस बदलली. मला बरे वाटत होते, झोप येत होती, नि हा सिस्टरचा विषय आहे असे मी स्वतःला सांगितले. पहाटे तीन वाजता सिस्टर पुन्हा सुई घेऊन आल्या तेव्हा शेजारून आवाज आला,

"नगं बाई ती सुई. मागल्या टायमाला, लेकरं बंद करायच्या आप्रेशनला, टोचली अन् आतडं बाहीर येस्तोवर वकले. दुखणं परवडलं, पर ते वकणं नगं."

हात मागे घेतलेला मला अंधारातही दिसला. तो माझाच हात होता. मी उठून बसले नि विचारले, "बाई, तुला गाडी लागते का गं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. पहाटे तीन वाजता असा प्रश्न विचारणाऱ्या बाईची भूल अजून उतरली नसावी असे तिला वाटले असेल. मग सासूच म्हणाली, "लागती की. कारखान्याला जाताना ट्रकात बसली की पार फड येस्तोवर मुंडकं बाहीर."

"मग डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"कुणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "अन् वकारीचं काय सांगायचं? दुखणं सांगत्यात."

सकाळी सातला माझी विद्यार्थिनी फेरीला आली तेव्हा मी माझी प्रकृती सांगण्याआधी शेजारणीची सांगितली. तिने तिचा कागद पाहिला, नाडी पाहिली, तेच चार प्रश्न विचारले नि चारही खुणा केल्या. रोग्याची कुणी तपासणीच करू नये असे काही झाले नव्हते. हा एक प्रश्न तेवढा राहिला होता. मग उलटीचे इंजेक्शन दिले, सलाईन वाढवले, दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची बाटली लावली. ट्रामाडॉल लागले तर ते एका झटक्यात न टोचता सलाईनमधून सावकाश सोडावे, असे सिस्टरांना बजावले. भरकन दिले की मळमळ जास्त होते. उशी थोडी उंच केली, तोंड कुशीवर ठेवायला सांगितले, म्हणजे गुंगीत उलटी झालीच तर ती श्वासनळीत जात नाही. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मधल्या खाचेत, अंगठ्याने दाबून धरायला सासूला शिकवले. ती चिनी लोकांची जुनी युक्ती. तिचाही थोडाफार उपयोग होतो असे चाचण्यांत दिसले आहे. म्हातारीला काम मिळाले हा उपयोग तर नक्कीच झाला. दहा वाजता शेजारीण झोपली. दुपारी खोकली, नि पोट धरून का होईना, उठून बसली.

मी मात्र नऊ ते तीन या सहा तासांचा हिशेब करीत बसले. तिच्या त्या तासांना मी उपस्थित होते.

आमच्या जिल्ह्यात या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली नि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवसाचा खाडा झाला की मजुरी जाऊन वर दंड. पाळीच्या तक्रारी घेऊन फडात वाकायचे कसे? त्या शस्त्रक्रिया हव्या होत्या की नको होत्या हा मोठा प्रश्न आहे, नि तो या लेखाच्या टाचेवर मावणारा नाही. पण इतके खरे की यांतल्या प्रत्येकीच्या खात्यात त्या चार खुणांतल्या एक-दोन तरी जन्मतःच होत्या. त्यांतल्या किती जणी हात मागे घेऊन तशाच पडून राहिल्या असतील, त्याची नोंद कुठल्या कागदावर व्हायची?

आपल्यासारख्या घरांतली गोष्ट तरी काय वेगळी? ऑपरेशनला जाताना आपण विम्याचा कागद नेतो, बांगड्या काढून ठेवतो, शेजारणीला दुधाचे सांगतो. भूलतज्ज्ञ भेटायला आले की "सगळं तुमच्यावर सोपवलं" म्हणतो. सोपवावे, पण आधी सांगावे. गाडी लागते, मागच्या वेळी उलट्या झाल्या होत्या, अमुक औषधाने मळमळले होते, मधुमेह आहे. त्यांनी विचारले नाही तरी सांगावे. नंतर मळमळू लागले की उलटी होण्याची वाट न पाहता सिस्टरांना हाक मारावी. झटक्याने उठू नये, नि भेटायला येणाऱ्यांनी वाफाळता चहा लगेच तोंडाशी नेऊ नये. आलेपाकही विचारल्याशिवाय देऊ नये. आल्याचा थोडा गुण आहे खरा, पण ऑपरेशनआधी पोट रिकामे हवे नि नंतर कधी खायचे ते डॉक्टर ठरवतात. आणि दुखण्याची सुई नाकारण्यापूर्वी का नाकारतो ते सांगावे. कारण दुखणे की ओकारी यांतले एक निवडा, अशी सक्ती आता राहिलेली नाही.

माझे टाके आठव्या दिवशी काढले. तिचेही त्याच सुमारास. डॉक्टरांनी तिला तीन महिने जड उचलू नको म्हणून सांगितले. तिने मान डोलावली. पण सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिले ते मी पाहिले. उचल आधीच घेतलेली होती. दिवाळी झाली की ट्रक निघतात.

जाताना ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाई, सुई टोचायच्या आधी काय काय सांगायचं म्हणलात? पुन्हा एक डाव सांगा. मपल्या धाकल्या जावेचं बी आप्रेशन हाय."

मी तिच्याकडून घोकून घेतले. वर्गात घेते तसे, दोनदा. मग तिला वाटले, वेळेवर आठवले नाही तर? म्हणून मी पिशवीतून कागद काढला नि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले:

'मला गाडी लागते. मागच्या ऑपरेशनला फार उलट्या झाल्या. भूल देण्याआधी उलटीच्या औषधाचे पाहावे. दुखण्याची सुई सावकाश द्यावी.'

जावेसाठी दुसरी चिठ्ठी करायला बसले तेव्हा पेन थांबले. "तिला गाडी लागते का गं?" मी विचारले.

"इचारते," ती म्हणाली.

तिला वाचता येत नव्हते. तिने चिठ्ठीची चौघडी घातली नि रेशनकार्डाच्या पिशवीत, आत, जपून ठेवली. एम.ए. झाल्यापासून मी पुष्कळ लिहिले आहे. पण इतके उपयोगाचे मराठी त्याआधी लिहिल्याचे मला आठवत नाही.